मालक-चालक

"क्लच सोडताना देवाचं नाव घ्यायचं न्हाई, केशर. क्लच सोडताना क्लचकडं ध्यान द्यायचं. देवाला त्याचं काम करू दे, तू तुझं कर."

भिकाजीचं हे बोलणं केशरला रोज सकाळी तुळशीला पाणी घालताना आठवायचं, आणि हात जोडता जोडता ती मनातल्या मनात ओशाळायची. कारण त्या दिवशी सुप्याच्या धरणाचं पाणी उतरून उघड्या पडलेल्या माळावर तिनं क्लच सोडताना देवाचंच नाव घेतलं होतं. गाडीनं बेडकासारख्या दोन उड्या मारल्या आणि ती गप झाली. दुसऱ्या वेळीही तेच. तिसऱ्या वेळी तर पलीकडं चरणाऱ्या एका म्हशीनं चरायचं थांबवून मान वर केली. केशर खाली उतरली ती उतरलीच.

"आज एकादशी हाय," ती म्हणाली होती. "उपाशीपोटी असलं न्हाई जमत."

"मग द्वादशीला शीक."

"शिकीन की."

"शब्द दे."

"दिला."

त्याला सात वर्षं झाली. तेवढ्या वर्षांत द्वादश्या कितीतरी आल्या. प्रत्येकीला केशरनं उपास सोडला, पण क्लच काही सोडला नाही.

भिकाजी गणेशगुडीच्या एका लॉजची जीप चालवायचा. नदीत होड्या उड्या मारतात त्या बघायला आलेल्या पाहुण्यांची ने-आण वीस वर्षं केली. घाटात कुणाला साधं खरचटलंही नाही. दोन वर्षांपूर्वी एका रविवारी घरच्या ओसरीवर प्लास्टिकच्या खुर्चीत चहा पिता पिता तो गेला. त्या खुर्चीचा विमा कुणी उतरवला नव्हता.

मागं राहिली ती घरची पांढरी गाडी. ती केशरच्या नावावर होती, आणि त्यात केशरचं कर्तृत्व काहीच नव्हतं. गाडी घ्यायची ठरली तेव्हा बाजारकुणंग गावच्या रीतीप्रमाणं सातेरीच्या देवळात कौल लावला होता. गुरव देवीच्या मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो. उजवीकडची पाकळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. भिकाजीच्या नावाला डावी पडली. त्याचा धाकटा भाऊ महाबळेश्वर, त्याच्या नावालाही डावी पडली. केशरच्या नावाला उजवी अशी पडली की गुरवाचा हात मागं यायच्या आधीच. म्हणून गाडी केशरची. भिकाजी हसून म्हणाला, "आता मी तुझा ड्रायव्हर." महाबळेश्वर अजूनही हसला नव्हता.

आणि आता एकाच आठवड्यात तीन गोष्टी एकत्र आल्या. विम्याची मुदत शुक्रवारी संपत होती. पोरीचं, अश्विनीचं, कॉलेज सोमवारी बेळगावात सुरू होत होतं. आणि अठरा वर्षं पुरी झाल्या झाल्या तिनं काढलेलं लायसन पोस्टानं घरी आलं होतं.

लायसनचा तेवढा घोळ केशरनंच करून ठेवला होता. सुट्टीत अश्विनी बेळगावला कमल मावशीकडं राहून गाडी शिकत होती, तेव्हा केशर सातेरीच्या पायरीवर बसून फोनवर म्हणाली होती, "लायसन हातात आलं की किल्ली तुझ्या हातात." म्हणताना तिला वाटलं होतं, सरकारी काम आहे, वर्ष तरी जाईल. सरकारनं पंधरा दिवसांत पाठवलं.

जंगलातल्या रस्त्याची केशरला भीती नव्हती. गवा आडवा आला तर थांबायचं, तो जातो. भीती होती ती बेळगावची. तिथं रिक्षावाला बघतो उजवीकडं, हात दाखवतो डावीकडं आणि जातो सरळ. गवा निदान हॉर्न दिल्यावर बघतो तरी.

दिलेला शब्द मोडायचा नव्हता आणि पोरीला काही होऊ द्यायचं नव्हतं. या दोन्हींच्या मधे काहीतरी असलं पाहिजे, आणि ते विमाच असणार, असं तिला वाटत होतं.

गुरुवारी साडेदहाला विम्याचा अमोल रामनगरहून मोटारसायकलवरून आला. गावात मोबाईलची रेंज एकाच ठिकाणी यायची, सातेरीच्या देवळाच्या तिसऱ्या पायरीवर. त्यामुळं गावातला प्रत्येक ऑनलाइन व्यवहार देवीच्या साक्षीनंच व्हायचा. केशर, अश्विनी आणि महाबळेश्वर पायरीवर येऊन बसले. महाबळेश्वर पंचायतीचं पाणी सोडायच्या कामावर होता. वॉल्व्ह त्याच्या हातात असल्यामुळं गावात त्याचं मत कुणी टाळत नसे.

"काकू, परकार मुख्य दोन," अमोलनं मोबाईल पुसला. "एक थर्ड पार्टी. म्हणजे आपण कुणाला ठोकलं तर त्येला मिळतं. आपल्याला काय न्हाई."

"म्हणजे पैसे आपण भरायचे आणि मिळायचे दुसऱ्याला?" महाबळेश्वरनं विचारलं.

"व्हय काका. सक्तीचं हाय."

"मग हे तर पुण्याचंच काम झालं की," केशर म्हणाली. ती अगदी मनापासून म्हणाली.

"पुण्य पुरंल तेवढंच घे वैनी," महाबळेश्वर म्हणाला. "थर्ड पार्टी बास."

"थांबा की काका. दुसरा फुल. त्यात आपल्या गाडीचं बी मिळतं. आणि त्याच्यावर झिरो डेप घेतलं तर..."

"झिरोला जास्त पैसे? शाळेत आमचे मास्तर झिरो फुकट द्यायचे."

"तुम्हाला दिले असतील, काका," अश्विनी म्हणाली.

अमोलनं हसू दाबलं. "झिरो डेप म्हणजे गाडी जुनी झाली म्हणून भरपाईतनं कापत न्हाईत. बंपर गेला की पुरा बंपर. नवं लायसन, त्यात बेळगाव. पयल्या सा महिन्यांत एखादा बंपर धरूनच चालायचं."

"मी इथं बसलीया हां, अमोलदादा."

"तू बसलीस म्हणूनच बंपरचं चाललंय," महाबळेश्वर म्हणाला.

केशरनं अमोलच्या मोबाईलकडं पाहिलं. इंजिनाचा वेगळा विमा होता. टायरचा होता. किल्ली हरवली तर तिचाही होता. एवढ्यातून निवडायचं कसं, हे भिकाजीला कळलं असतं, तिला कळेना. आणि बाजारकुणंगात ज्याला जे कळत नाही ते तो सातेरीवर सोपवतो. इथं तर ती चार पावलांवर होती.

"नागूदादांना सांग," ती अश्विनीला म्हणाली. "कौल लावायचा हाय."

नागू गुरव गाभाऱ्यातून डोकावला. त्यानं सगळं ऐकलंच होतं. "शेतीचं विचारलंय, सोयरिकीचं विचारलंय. हे असलं इंग्रजी आईला कधी घातलं न्हाई."

"तू मराठीत घाल," महाबळेश्वर म्हणाला. "अर्थ तिला कळतो."

नागूनं हात-पाय धुतले, पाकळ्या ओल्या केल्या आणि देवीच्या दोन्ही खांद्यांना चिकटवल्या. सगळे उभे राहिले.

"आई सातेरी, तुझी लेकरं आज गाडीचा कागद घेऊन तुझ्या पायाशी आलीत. फुल करायचं असंल तर उजवी दे, थर्ड पार्टीवर भागत असंल तर डावी दे. गाडी सुखरूप ठेव. रस्त्याला राखण दे गे आई."

"व्हय गे आई," सगळे म्हणाले. अमोल जरा मागाहून म्हणाला. त्याचं एक लक्ष रेंजकडं होतं.

उजवी पाकळी पडली. अमोलनं असे काही डोळे मिटून हात जोडले की त्याच्यात एवढी भक्ती असेल असं कुणालाच वाटलं नव्हतं.

मग झिरो डेपचं विचारलं. उजवी. इंजिनाचं विचारलं. उजवी. महाबळेश्वरचा चेहरा उतरत चालला. "पाणी जास्त लावतोयस उजवीकडं," तो नागूला हळूच म्हणाला.

"वॉल्व्ह तुझा, कौल माझा," नागूही हळूच म्हणाला.

किल्लीचं विचारलं तेव्हा डावी पडली. महाबळेश्वर खुलला. "बघा! किल्ली आपली आपण सांभाळायची, म्हणतीया आई." टायरचं विचारलं, तर दहा मिनिटं झाली तरी कुठलीच पाकळी हलेना.

"कंटाळली," नागू म्हणाला. "बास करा आता."

सगळे पुन्हा पायरीवर आले. अमोल फॉर्म भरू लागला. गाडीचा नंबर, इंजिनाचा नंबर, केशरचं नाव.

"आता शेवटचं. मालक-चालक अपघात विमा, पंधरा लाखाचा. लायसन नंबर सांगा."

अश्विनीनं पाठ असल्यासारखा आपला नंबर म्हणायला सुरुवात केली.

"तुझा न्हवं गं. मालकाचा. जो मालक, तोच गाडी चालवताना त्येला काय झालं तर हे पैसे. काकूंचा नंबर पायजे."

"माझं कुठलं लायसन?" केशर म्हणाली.

अमोलचं बोट मोबाईलवर थांबलं. त्यानं काहीतरी मागं सरकवलं, पुन्हा पुढं आणलं आणि मान खाली घालून म्हणाला, "काकू, नंबर नसला तरी फॉर्म पुढं जातो, पर सात वर्षं इथं 'होय' हाय. मालकाकडं लायसन हाय, होय."

"कुणी लिवलं?"

"मीच. पर काकांनी सांगितलं म्हणून. पयल्या साली मी विचारलं, काका, काकूंना लायसन हाय का? तर म्हणाले, 'होय लिही. शिकतीया ती. पुढच्या साली येशील तवा असंल.' पुढच्या साली बी तेच म्हणाले. त्याच्या पुढच्या बी. पाच वर्षं. काका गेल्यावर मी जुनंच पुढं ओढलं."

पायरीवर वाळलेल्या पाकळ्या वाऱ्यानं इकडून तिकडं झाल्या.

केशरचं एक व्रत होतं, सगळ्या गावाला माहीत असलेलं. लग्नानंतर तिनं खोटं न बोलण्याचं व्रत धरलं होतं. चार महिन्यांत सासरचे लोक जेरीस आले. तेव्हा तिनं याच नागूच्या बापाला विचारून ते दुपारी बारापर्यंत आखडून घेतलं होतं. संसारी बाईला दिवसभर झेपत नाही, असं तोच म्हणाला होता. तेव्हापासून अठ्ठावीस वर्षं ती सकाळी उठल्यापासून बारापर्यंत एक अक्षर खोटं बोलली नव्हती. आणि सात वर्षं कुठल्या तरी कंपनीच्या कपाटात ती चोवीस तास खोटं बोलत उभी होती.

पण तिला राग आला तो भिकाजीचा नाही. तो दरवर्षी तिच्या शब्दावर विसंबून 'होय' लिहवून घेत होता. त्यानं खोटं लिहिलंच नव्हतं. खरं व्हायची वाट बघितली होती.

"अमोल," तिनं विचारलं, "माझं राहू दे. बेळगावात पोरीला काय झालं, तर ह्या सगळ्यात तिचं काय हाय?"

"तसं बघा... बंपर येतो. काच येती. इंजिन येतं."

"पोरगी?"

"पोरगी..." अमोलनं मान खाजवली. "पोरगी गाडीत येती काकू, पर कागदात येत न्हाई."

"किल्ली सुद्धा येत हुती की रे!"

"किल्ली तुम्हीच डावी पाडली. पोरीसाठी वेगळा अपघात विमा मिळतो, तिच्या नावाचा. म्हाग बी न्हाई."

"मग हे पयलं का न्हाई सांगितलंस?"

"तुम्ही विचारलं न्हाईसा," अमोल म्हणाला. मग त्यानं गाभाऱ्याकडं बघितलं. "तिथं बी कुणी विचारलं न्हाई."

ते खरंच होतं. पाच वेळा पाकळ्या लावल्या, पाच वेळा गाऱ्हाणं झालं. बंपर, इंजिन, टायर, किल्ली, सगळं देवीच्या कानावर घातलं. अश्विनीचं नाव एकदाही कुणाच्या तोंडी आलं नाही, केशरच्याही नाही. देवी काय आणि कंपनी काय, विचारलं तेवढंच सांगणार. केशरनं आत बघितलं. सातेरी नेहमीसारखीच शांत होती, एका खांद्यावर टायरची पाकळी अजून चिकटलेली.

"हे बघ वैनी," महाबळेश्वरनं घसा साफ केला. "सात वर्षं होय हाय, तर आठव्या साली बी होय म्हण. पंधरा लाखाचं नाव हाय, उगीच कशाला खोडायचं?"

"लायसन नसताना?"

"तुझी अडचण मला म्हायती हाय." त्यानं मनगटावरचं घड्याळ पुढं केलं. "साडेअकरा झालेत. अर्धा तास बसू. बारा वाजले की तुझं व्रत मोकळं. मग म्हण."

"शास्त्रात बसतंय," नागू आतून म्हणाला.

अश्विनीला हसू फुटलं, पण आईकडं बघून तिनं ते गिळलं.

आणि खरोखर सगळे बसून राहिले. अमोलनं सुपारी कातरली. महाबळेश्वर दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होता. एक म्हातारी देवीला पाया पडायला आली, तिनं विचारलं, "काय कुणाची वाट बघताय?"

"बाराची," महाबळेश्वर म्हणाला.

केशरच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. खोटं न बोलण्याला आपण बाराची हद्द घातली, ती कुणासाठी? आपल्यासाठी. शिकीन म्हटलं होतं, त्याला कुठली हद्द घातली होती? त्याला काहीच नव्हती. म्हणूनच ते इतकं लांबत आलं असावं.

"आई," अश्विनी तिच्या कानाशी आली. "तू म्हणशील तर मी यष्टीनं जाते. किल्ली नको मला. उगीच तुझ्या जिवाला घोर."

हे ऐकून केशरला सगळ्यात जास्त बोचलं. घरात एकानं दिलेला शब्द दुसऱ्यानं मोकळा करायचा, अशी रीतच पडत चालली होती.

"बारा!" महाबळेश्वर म्हणाला. "बारा वाजून एक. बोल वैनी आता, मोकळ्या मनानं."

अमोलनं बोट तयार ठेवलं.

"न्हाई लिही," केशर म्हणाली.

"काकू, बारा वाजून गेलेत."

"मला म्हायती हाय. मालकाकडं लायसन न्हाई, असं लिही. पण पेन्सिलीनं लिही."

"मोबाईल हाय हो हा काकू!"

"मग पुढच्या साली बदलता येतं ना?"

"ते येतं की."

"बास. आणि पोरीचा तो वेगळा विमा आत्ताच कर."

नागू लगबगीनं पाकळी ओली करत बाहेर आला. "त्याचा कौल लावू?"

"हे विचारायचं न्हवं, नागूदादा," केशर हळूच म्हणाली. "हे सांगायचं हाय."

महाबळेश्वरनं उभं राहून धोतर झटकलं. "म्हणजे पंधरा लाख गेले, वर पोरीचा खर्च, आणि किल्ली बी देणार?"

"दिलेला शब्द हाय, भावजी."

"कुणाला दिलेला?"

तेवढ्यात ओटीपी आला, आणि सगळ्यांचं लक्ष तिकडं गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी केशरनं तुळशीला पाणी घातलं, दिवा लावला, कावळ्याला घास ठेवला. मग देव्हाऱ्यात देवांच्या मागं ठेवलेली गाडीची किल्ली काढली, तिला कुंकू लावलं आणि चूल पेटवत बसलेल्या अश्विनीसमोर धरली.

"आत्ता? सोमवारी न्यायची ना?"

"आज रामनगरला जायाचं. सावकाश ने."

"रामनगरला काय हाय?"

केशरच्या हातात प्लास्टिकची पिशवी होती. तिच्यात आधार कार्ड, दोन फोटो आणि केळीच्या पानात बांधलेलं काहीतरी. आठच वाजले होते, त्यामुळं तिला खरं सांगण्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

"मोटार शिकवतात तिथं. नाव घालून यायचंय."

अश्विनी बघतच राहिली. मग तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं. "आई, आज एकादशी हाय."

"व्हय. म्हणून तर फराळ बांधून घेतलाय."

अश्विनीनं गाडीवरचं जुनं लुगडं काढलं, घडी केली, आरसे पुसले. केशर शेजारच्या सीटवर बसली. पट्टा कुठं अडकवायचा ते तिला सापडेना. पोरीनं वाकून अडकवून दिला. इंजिन सुरू झालं. सवयीनं केशरचे हात छातीशी जुळायला आले. तिनं ते खाली घेतले, मांडीवरच्या पिशवीवर ठेवले, आणि डोळे न मिटता पोरीच्या डाव्या पायाकडं बघत राहिली, तो कसा उचलते ते.